पर्जन्यछायेतली वाइन: हवेचा हात किती, मातीचा किती?

उपवन

आमच्या ठाण्याच्या गटात येत्या रविवारी तीन लाल वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आहेत: नाशिकची शिराझ, अकलूजकडची सांजोवेझे आणि अर्जेंटिनातल्या मेंडोझाची माल्बेक. तिन्ही कोरड्या मुलखातल्या, पण कोरडेपणात फरक आहे. मेंडोझाला वर्षाकाठी २०० मिमी पाऊस, अकलूज-माळशिरस पट्ट्यात ५०० च्या आसपास, नाशिक शहराला ७०० च्या घरात. ठाण्यात बसून हे आकडे वाचताना गंमत वाटते, कारण आपल्याकडे अडीच हजार मिमी पडतो, कसारा घाट चढून इगतपुरीला तीन हजारांच्या वर जातो आणि तिथून पन्नासेक किलोमीटर पुढे नाशिकला एकदम सातशे. सह्याद्रीने ढग पिळून घेतले की पलीकडे उरतं ते हे.

बाटलीवर आणि माहितीपत्रकात 'कोरडी हवा, हलकी माती' एवढंच छापलेलं असतं. मला त्याच्या पुढचं हवं आहे. हवा नक्की कुठे काम करते, माती कुठे, आणि ग्लासात ते कशावरून ओळखायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आकडे असतील तर फारच उत्तम.

काडी_ओलांडा

सुरुवात छाटणीच्या तारखेपासून करावी लागेल. ती सोडून आपल्याकडच्या हवेबद्दल बोलणं अपुरं राहतं.

थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि शरदात पिकते. मेंडोझात काढणी फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे तिकडचा उन्हाळा सरताना. दिवस लहान होत जातात, रात्री गार होत जातात आणि अशा उतरत्या उष्णतेत मणी पिकतो. दख्खनवर वेल झोपतच नाही. म्हणून आपण दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळाला. पीक मात्र एकच. गोडी छाटणीपासून वाइनची जात साधारण १३० ते १५० दिवसांत तयार होते, म्हणजे जानेवारीअखेर ते मार्च. आपला मणी चढत्या उष्णतेत पिकतो. मेंडोझाच्या नेमकं उलट.

हिशोब करून पाहा. १५ सप्टेंबरला छाटलं आणि १४० दिवस धरले तर काढणी २ फेब्रुवारीला. १५ ऑक्टोबरला छाटलं तर ४ मार्चला. एका महिन्याच्या फरकाने द्राक्षाचे शेवटचे तीन आठवडे जानेवारीतून उचलून फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जातात. नाशिकला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान १० अंशांच्या आसपास असतं, सोलापूरला १५-१६. मार्च लागला की सोलापुरात दुपारी ३७ ला टेकतं. एकाच बागेला दोन वेगळी हवामानं देता येतात, फक्त कात्री कधी चालवायची ते ठरवून.

मग सगळे सप्टेंबरातच का छाटत नाहीत? फुलोरा छाटणीनंतर ३५-४० दिवसांनी येतो. १५ सप्टेंबरची छाटणी म्हणजे फुलोरा ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, परतीच्या पावसाच्या तोंडावर. घड ओला राहिला की डाऊनी (केवडा रोग) आलाच, आणि फुलोऱ्यातल्या घडावरचा डाऊनी म्हणजे तो घड गेला. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाशिक पट्ट्यात हेच झालं. लवकर छाटलेल्या बागांचं सर्वांत जास्त नुकसान होतं. सोलापूरकडे तर वर्षातला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरचाच, त्यामुळे तिथे सप्टेंबरात छाटणं आणखी धोक्याचं. म्हणून तारीख पुढे जाते, मणी मार्चकडे सरकतो आणि ग्लासात आंबटपणा कमी होतो. अकलूजच्या बाटलीत तो सरकलेला महिना शोधा.

खारघर_टेकडी

काडी_ओलांडा, उत्तम. एक शंका. दिवस आणि रात्रीच्या तापमानातला फरक जितका मोठा तितकी वाइन चांगली, असं सगळीकडे वाचायला मिळतं. नाशिकला जानेवारीत दुपारी २९ आणि पहाटे १०, म्हणजे फरक १९ अंशांचा. मेंडोझातही साधारण पंधराच्या पुढे. मग नाशिक वरचढ ठरायला हवं ना?

सामू_साडेतीन

नुसता फरक मोजून चालत नाही. मण्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात जळतं. जितकं गरम तितकं लवकर, आणि तिशीच्या पुढे झपाट्याने. टार्टरिक आम्ल उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं. त्यामुळे शेवटच्या तीन आठवड्यांत रात्रीचा पारा प्रत्यक्षात कुठे असतो ते बघायचं. ३७ ते २० हा फरकही सतराचा आहे, पण वीस अंशांच्या रात्री मॅलिक वाचत नाही. जानेवारीत काढलेली शेनिन ब्लांक (पांढऱ्या वाइनची जात) आणि मार्चमध्ये काढलेली शेनिन ब्लांक यांत हा फरक जीभ लावताच कळतो. पहिलीत हिरव्या सफरचंदाची धार असते, दुसरीत नुसता पिकलेला पेरू.

रंगाचं गणित वेगळं. सालीतला लाल-जांभळा रंग ३५ च्या पुढे नीट तयार होत नाही, झालेलाही मोडतो. आणि उघड्या उन्हातल्या मण्याचं तापमान हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी जास्त जाऊ शकतं. हवा ३२ असताना पश्चिमेकडचा मणी ४२ वर. म्हणून घडाजवळची पानं काढायची तर फक्त पूर्वेच्या बाजूची, सकाळच्या कोवळ्या उन्हासाठी. पश्चिमेची पानं ठेवायची. दोन्हीकडून उघडं केलं तर मण्याच्या एका बाजूला तपकिरी चट्टा पडतो, आणि तो वाइनमध्ये शिजल्यासारख्या, मनुकांच्या वासाने उतरतो.

उलट सावली जास्त झाली तर काबर्ने आणि सोव्हिन्यों ब्लांक या जातींमध्ये हिरव्या ढोबळी मिरचीचा वास राहतो. त्याला कारणीभूत घटक उन्हाने कमी होतो. आपल्याकडे इतकं ऊन असून काही काबर्ने मिरचीसारखी का लागते, याचं उत्तर आकाशात सापडत नाही. ते जमिनीत आहे. मुरूम, तुम्ही घ्या आता.

मुरूम

घेतो. आणि थोडं विस्ताराने घेतो, कारण 'हलकी माती चांगली' हे वाक्य अर्धवट राहिल्यामुळे पुष्कळ बागा चुकल्या आहेत.

दख्खनचा पाया बेसॉल्टचा. तो झिजून दोन टोकांची माती होते. उतारावर आणि माळावर हात-दीड हात माती आणि खाली मुरूम. सखल भागात, नदीकाठी चार-पाच फूट काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. दोन्हींतला खरा फरक पाणी धरण्याचा. मुरमाड जमीन मीटरभर खोलीत ८० मिमीच्या आसपास वापरता येईल असं पाणी धरते, काळी २०० च्या आसपास. मुळं ६० सेंमी खोल धरली तर मुरमाडात ४८ मिमी, काळीत १२० मिमी. वेल दिवसाला ३ मिमी पिते असं समजा. निम्मं पाणी संपायला मुरमाडात ८ दिवस, काळीत २० दिवस.

हे ८ आणि २० लक्षात ठेवा, वाइनचं अर्धं शास्त्र इथे आहे. मणी धरल्यापासून मण्यात पाणी उतरेपर्यंत (तो मऊ पडून रंग धरू लागेपर्यंत) वेलीला बेताचा ताण हवा. त्या काळात ताण बसला तर मणी लहान राहतो, सालीचं प्रमाण वाढतं, म्हणून रंग आणि टॅनिन (सालीतला तुरटपणा) वाढतात. शेंडा थांबतो, नवी पानं यायची थांबतात आणि साखर घडाकडे वळते. मुरमाडात ठिबक बंद केलं की आठवड्यात हा परिणाम मिळतो आणि जास्त झाला तर दोन तास पाणी सोडून सावरताही येतो. काळीत आज बंद केलं तर ताण वीस दिवसांनी येणार, तोवर ती अवस्था उलटून गेलेली असते. वेल वाढतच राहते, बगलफुटी निघत राहतात, घड सावलीत जातो. ढोबळी मिरची आली ती इथून.

शेतावर ओळखायची खूण: शेंड्याचे तणावे पाहा. ते पुढच्या पानाच्याही पुढे लांब, तरतरीत असतील तर ताण नाही. सुकून गळायला लागले आणि शेंडा बोथट झाला तर बेताचा ताण बसला. घडाजवळची खालची पानं पिवळी पडून गळू लागली तर जास्त झालं, लगेच पाणी द्या. प्रेशर चेंबर (पानातला पाण्याचा ताण मोजणारं यंत्र) असेल तर दुपारी उणे १.० ते १.२ मेगापास्कल ठीक, त्याच्या खाली नेऊ नका.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. एका एकरावर १ मिमी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. फेब्रुवारीत बाष्पीभवन ६ मिमी असेल आणि वेलीला त्याच्या ०.३ द्यायचं ठरवलं तर १.८ मिमी, म्हणजे एकरी दिवसाला साधारण ७,२०० लिटर. मुरमाडात हे रोज किंवा दिवसाआड थोडं थोडं. काळीत तीन-चार दिवसांनी एकदम.

जमीन घ्यायच्या आधी तीन बाय तीन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा घ्या. प्रत्येक फुटाची माती वेगळी ठेवा, अर्धा-अर्धा किलो. खड्डा पाण्याने भरून ठेवा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर निचरा नाही, बोद (मातीचा वरंबा) उंच घेतल्याशिवाय तिथे वेल लावू नका. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसलं तर मुक्त चुना भरपूर. दहा टक्क्यांच्या पुढे चुना गेला की लोह आणि जस्त वेलीला मिळत नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो. अशा पानात साखर कशी तयार होणार?

उपवन

मुरूम, हे ८ आणि २० दिवस कागदावर लिहून टेबलावर ठेवतो. एक विचारू? मेंडोझाची माती मग कुठल्या टोकाची?

मुरूम

मुरमाडाच्याही पलीकडची. अँडीजवरून वाहून आलेली रेती, गोटे, मध्ये मध्ये चिकणमाती, आणि युको खोऱ्याच्या वरच्या भागात गोट्यांवर चुन्याचं पांढरं पुट. पाऊस नगण्य, बागा बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर. पाणी कधी आणि किती ते माणूस ठरवतो. त्यामुळे ताण हवा तेव्हा बसवता येतो, आपल्यासारखा परतीचा पाऊस येऊन बेत उधळत नाही. तिथला शत्रू गारा. म्हणून बागांवर जाळ्या असतात. शिवाय झोंडा नावाचा कोरडा गरम वारा डोंगरावरून उतरतो, तो फुलोऱ्यात आला तर मणी धरत नाही. रेताड मातीत फिलॉक्सेरा (वेलीची मुळं पोखरणारी कीड) फारसा माजत नाही, म्हणून तिथे आजही पुष्कळ वेली खुंटाशिवाय (दुसऱ्या जातीच्या मुळांवर कलम न करता), स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आणि उंची ९०० ते १,५०० मीटर. दर शंभर मीटरला साधारण ०.६ अंश कमी धरा. अकलूज पाचशे मीटरच्या आत, नाशिक सहाशेच्या आसपास. अतिनील किरणंही वर जास्त, साल त्याने जाड होते. रविवारी माल्बेकचा रंग ग्लासाच्या काठापर्यंत गडद दिसेल, तो यामुळे.

सामू_साडेतीन

खुंटाचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. ती महाराष्ट्राच्या वाइनला सर्वांत जास्त छळते, आणि कुठल्याही माहितीपत्रकात नसते: पोटॅशियम.

आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांसाठी डॉगरिज खुंट रूढ झाला. कारण योग्यच होतं. खारं पाणी आणि दुष्काळ तो सोसतो. पण तो जोमदार आहे आणि पोटॅशियम भरपूर उचलतो. त्यात खाण्याच्या द्राक्षाची सवय म्हणून मण्यात पाणी उतरल्यावर ०-०-५० हे पोटॅशचं खत ठिबकमधून सोडलं जातं, गोडी आणि चकाकीसाठी. वाइनच्या बागेत हे करू नये. पोटॅशियम मण्यात गेलं की टार्टरिकला धरून खाली बसतं, रसाचा सामू (पीएच) वर जातो, म्हणजे आंबटपणा उतरतो. साखर २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), चव गोड, सगळं छान, आणि सामू ३.९.

मग काय होतं ते पाहा. वाइन टिकवायला सल्फर डायऑक्साइड लागतो आणि त्याचा जंतूंवर काम करणारा भाग सामूवर अवलंबून असतो. तेच संरक्षण मिळवायला ३.४ सामूला मुक्त सल्फर डायऑक्साइड लिटरला ३२ मिलिग्रॅम पुरतो, ३.६ ला ५० लागतो, ३.८ ला ७९. सामू ०.४ ने चढला आणि मात्रा अडीचपट झाली. एवढी घातली तर नाकाला झोंबते. नाही घातली तर जिवाणू वाढतात, रंग विटकरी होतो, वाइन दोन वर्षांत थकते.

उपाय दोन टप्प्यांत. बागेत: वाइनसाठी ११० आर सारखा डॉगरिजपेक्षा कमी जोमाचा खुंट, देठ परीक्षण करून पोटॅश, आणि अंदाजाने एक किलोही नाही. वायनरीत: टार्टरिक आम्ल, आंबवण सुरू होण्याआधी. लिटरला १ ग्रॅम घातलं तर सामू साधारण ०.१ उतरतो. पोटॅशियम खूप असेल तर तेवढाही उतरत नाही, म्हणून आधी एक लिटर रसावर चाचणी करा. आंबवण झाल्यावर घातलेलं आम्ल जिभेवर वेगळं, टोचणारं लागतं.

काडी_ओलांडा

सामू_साडेतीन यांच्याशी सहमत, पण एक भर. ११० आर सगळीकडे लावा असा अर्थ कुणी घेऊ नये. विहिरीच्या पाण्याचा ईसी (क्षारतेचं माप) १ च्या पुढे असेल, मातीत सोडियम असेल, तर डॉगरिज काढून टाकून फायदा होणार नाही. पानांच्या कडा करपतील आणि वेल बसेल. कोरड्या मुलखात क्षार धुवून न्यायला पाऊसच कमी. ठिबकचा ओलावा जिथे संपतो त्या कडेला क्षार साठतात, आणि जूनचा पहिला हलका पाऊस ते पुन्हा मुळांत ढकलतो. अशा पावसात ठिबक बंद करू नका, उलट चालू ठेवा, म्हणजे क्षार बाहेरच राहतील. चुनखडीच्या जमिनीत सोडियम असेल तर जिप्समवर पैसे घालवण्यापेक्षा गंधक द्या. जमिनीतला चुना त्याने विरघळतो आणि कॅल्शियम आतूनच मिळतं.

खारघर_टेकडी

म्हणजे बेसॉल्टची 'खनिज चव' वाइनमध्ये येते म्हणतात, ती हीच का? क्षार, पोटॅशियम वगैरे?

सामू_साडेतीन

दगडाची चव मुळांतून चढून ग्लासात येत नाही. वेल आयन उचलते, खडक उचलत नाही. आणि वाइनमधल्या बहुतेक खनिजांचं प्रमाण जिभेला कळण्याच्या खूप खाली असतं. ज्याला आपण खनिज चव म्हणतो ती बहुतेकदा जास्त आम्ल, कमी फळवास आणि थोडासा गंधकाचा वास यांची मिळून बनते. अपवाद एकच: पाणी फारच खारं असेल तर मीठ खरंच चवीला येतं, आणि तो दोष आहे.

माती चव ठरवते, पण आडमार्गाने. पाणी किती धरते, पोटॅशियम किती देते, नत्र किती देते. नत्राचं सांगायचं राहिलं होतं. ताणातल्या मुरमाड बागेतल्या रसात यीस्टला लागणारा नत्र कमी असतो. लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली गेला की आंबवण मध्येच अडकतं किंवा सडक्या अंड्याचा वास सुटतो. लिटरला १०० मिलिग्रॅम डीएपी (यीस्टला नत्र देणारा क्षार) घातलं तर नत्र सुमारे २१ मिलिग्रॅमने वाढतो, त्यावरून हिशोब करावा. एकदम न घालता, आंबवण सुरू झाल्यावर एकदा आणि एक तृतीयांश साखर संपल्यावर दुसऱ्यांदा. रविवारी एखाद्या बाटलीला रबरासारखा वास आला तर आधी मातीला दोष देऊ नका. ग्लास दहा मिनिटं हलवत ठेवा. वास गेला तर तो आंबवणाचा होता.

वाशी_फळबाजार

वाशीच्या बाजारात जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचे ढीग लागतात. थॉमसन, सोनाका, शरद. त्यांच्यावरून वाइनच्या द्राक्षाचा अंदाज बांधू नका, एवढंच सांगायला आलो. तिथला मणी चार-पाच ग्रॅमचा, साल पातळ, बी नाही. शिराझचा मणी दीड ग्रॅमच्या आसपास, साल जाड, आत दोन-तीन बिया. एकरी उताराही वेगळा. आठ बाय चार फुटांवर एकरी १,३६१ वेली, वेलीला २५ घड, घड १०० ग्रॅमचा, म्हणजे ३,४०० किलो. खाण्याच्या बागेत याच्या तिप्पट निघतं. वाइनच्या बागेत तेवढं घेतलं तर साखर चढायला आणखी तीन आठवडे लागतात आणि माल पुन्हा मार्चच्या उन्हात जातो. वर काडी_ओलांडा यांनी जे वाचवायला सांगितलं तेच घालवलं जातं.

उपवन

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटची एक विचारणा. फेब्रुवारीत गटाला घेऊन नाशिकला जायचं आहे. बागेत उभं राहून, कुठलंही यंत्र नसताना, घड काढायला झाला की नाही हे कसं पाहायचं?

आणि हो, रविवारी बाटल्या किती गार ठेवू? घरात आत्ताच ३१ अंश आहे.

काडी_ओलांडा

लाल वाइन १६ ते १८ अंशांवर. ३१ अंशांच्या घरातली बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, उघडायच्या दहा मिनिटं आधी काढा. गरम ओतली तर अकलूजच्या बाटलीतला अल्कोहोल आधी नाकात शिरेल आणि तुलना फसेल.

बागेत पहाटे जा. चांगल्या बागांमध्ये काढणी उजाडायच्या आत सुरू होते, म्हणजे माल थंडच वायनरीत पोचतो. घडाच्या सावलीतल्या आणि उन्हातल्या बाजूचे वेगवेगळे मणी घ्या, वरचा, मधला, टोकाचा. एक मणी तोंडात टाका. रस गोड आहे की नाही हे सोडा, साखर तर मणी सुकल्यानेही वाढते. साल दाढेखाली दहा-बारा वेळा चावा. जीभ कोरडी पडून गवतासारखी चव आली तर अजून वेळ आहे. मग बी तळहातावर घ्या. हिरवी आणि चिकट, गर सोडत नसेल तर थांबायचं. तपकिरी झाली असेल, गरापासून सुटी निघत असेल आणि दाताखाली भाजलेल्या दाण्यासारखी कट् करून फुटली, तर घड काढायला झाला.

सामू_साडेतीन

शिराझला मात्र बी फुटायची वाट पाहत मार्च गाठू नका. मणी सैल पडून खांद्यावर सुरकुत्या दिसू लागल्या की त्याच पहाटे काढा, बी थोडी कच्ची असली तरी. शिराझ वेलीवर पटकन सुकते. त्यातून २७ ब्रिक्स मिळतात, १५ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल जातो आणि आंबवण अडकतं.